भिंतीकडे तोंड केलेला आरसा

लास अनाकुआसच्या शाळेत ओफेलिया बार्रिएन्तोसचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका तिच्या पावलांवरून आज काय पेटलंय ते ओळखायच्या. नवीन मास्तरीण आली की पहिल्याच दिवशी कुणीतरी तिच्या कानात सांगायचं, बाकी कुणाशीही भांड, बोलण्याच्या खोलीतल्या बाईंशी भांडू नकोस. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा हे खरं. पण तो उगाच नव्हता, आणि ज्यांच्यावर निघायचा ते बहुतेक वेळा त्याच लायकीचे असायचे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बोलण्याची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली एक अरुंद खोली. आधी तिथं झाडू आणि बादल्या ठेवायचे. ज्या मुलांचे उच्चार चुकतात त्यांना वर्गातून उठवून तिथं पाठवायची पद्धत होती, आणि ओफेलिया तिथली बाई होती. आता आमच्या खोऱ्यात पाच वर्षांचं पोर शाळेत येतं ते तोंडात स्पॅनिश घेऊन. सरहद्दीवरच्या नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, घरात तीच भाषा. त्यावर इंग्रजी चढवायची म्हणजे काही दिवस ती वाकडीतिकडी बसणारच. पोरं ‘व’च्या जागी ‘ब’ म्हणतात, ‘श’च्या जागी ‘च’ म्हणतात, ‘स्कूल’च्या पुढे एक ‘ए’ चिकटवून ‘एस्कूल’ म्हणतात. जीभ दातांत धरून फुंकायचा तो इंग्रजी आवाज तर गोऱ्यांच्या पोरांनाही बरेच दिवस जमत नाही. त्यांच्या पोरांना जमलं नाही तर ती लहान आहेत, आमच्या पोरांना जमलं नाही तर त्यांच्या जिभेत खोट आहे. दर सप्टेंबरला मास्तरणी असल्या पोरांचा कळप ओफेलियाच्या दारात आणून उभा करायच्या, आणि ती एकेकाशी दोन्ही भाषांत बोलून बघायची, मग त्याच्या दंडाला धरून त्याला वर्गात परत नेऊन सोडायची. “याच्या जिभेला काही झालेलं नाही,” ती भर वर्गात म्हणायची. “तुमच्या कानांना झालंय.”

या रागाचं मूळ त्याच खोलीत होतं.

ओफेलिया पहिलीत असताना तिला तिथं बसवलं होतं. त्या काळी आवारात स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला की ढुंगणावर लाकडी फळी बसायची, आणि जिची इंग्रजी वाकडी तिच्यासाठी ही खोली होती. पिवळ्या केसांच्या एक बाई होत्या. त्या ओफेलियाला भिंतीवरच्या आरशापुढे बसवायच्या आणि म्हणायच्या, जीभ दातांत धर, फुंक. पुन्हा. पुन्हा. बाकीची पोरं वर्गात वाचायला शिकत होती आणि ही इथं स्वतःच्याच तोंडावर थुंकी उडवत बसली होती. तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस त्या बाई घरी आल्या. ओफेलियाची आई दारात भाजीसाठी निवडुंग सोलत होती. थोरल्या मुलीला दुभाषी म्हणून मध्ये घालून बाईंनी तिला बजावलं, की आजपासून या घरात स्पॅनिश बंद, दोन भाषांनी पोरीची जीभ गोंधळली आहे.

आईनं ऐकलं. आमच्याकडे मास्तरांचा शब्द म्हणजे पाद्र्याचा शब्द, तो कुणी मोडत नाही. त्या माउलीला इंग्रजी येत होती ती कापसाच्या शेतावरच्या मुकादमाशी बोलण्यापुरती. तेवढ्या भांडवलावर ती लेकीशी काय बोलणार? ये. खा. झोप. जिच्या तोंडी हरेक गोष्टीवर म्हण असायची, ती बाई स्वतःच्या घरात मुकी झाली. गोष्टी सांगायची हुक्की आली की ती मागच्या अंगणात जाऊन कोंबड्यांना सांगायची. ओफेलिया जाळीपलीकडे उभी राहून चोरून ऐकायची. आईची गोष्ट चोरून ऐकावी लागली, हे तिनं कधीच कुणाला माफ केलं नाही. का करावं?

शिकून ती परत आली आणि हट्टानं तीच खोली मागून घेतली. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून सुरी आणली, आरशाचे स्क्रू काढले आणि तो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा केला. शिक्षा म्हणून आम्हाला तसंच उभं करायचे. मग तो तिथंच राहिला, वर्षानुवर्षं.

यादिराचं प्रकरण आलं तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक एस्कामिया होते. हे गृहस्थ स्वतःचं नाव गोऱ्यांच्या धाटणीनं ‘एस्कमिला’ असं उच्चारायचे. बाप कापूस वेचणाराच, पण लेकाला त्याची आठवण नको होती.

“ओफेलिया, या पोरीचं एक अक्षर कळत नाही,” ते म्हणाले. “हिला तुझ्या खोलीत घे. आणि आईला सांग, घरात स्पॅनिश बंद.”

ओफेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“एस्कामियासाहेब, तुमच्या आजीला इंग्रजी येत होतं का हो?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“सहज विचारलं. तुम्ही तिच्याशी हातवारे करून बोलायचात का?”

ऑफिसात बसलेली कारकून खाली मान घालून हसली. एस्कामिया लाल झाले. पण खोलीत घेण्याआधी मुलीचं घरच्या भाषेतलं बोलणं ऐकलंच पाहिजे असा नियम होता, आणि तो नियम या शाळेत पाळायला लावला होता तो ओफेलियानंच, घसा फोडून. तेव्हा तिनं यादिराच्या घरी निरोप पाठवला.

यादिराची आई लेतिसिया संत्री भरायच्या कारखान्यात दिवसभर पट्ट्यापाशी उभी असायची. त्यामुळे मुलीला घेऊन आली ती आजी, तोमासा; मानानं सगळे तिला दोन्या तोमासा म्हणायचे. काळी शाल, पांढरी वेणी, पाठ ताठ. तिनं खुर्ची स्वतःच ओढून यादिराच्या खुर्चीला चिकटवली. यादिरा म्हणजे पाच वर्षांची काळ्याभोर डोळ्यांची पोर, हनुवटी छातीला टेकवून बसलेली.

ओफेलियानं चित्र पुढे धरलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, “हे काय आहे गं, बाळा?”

यादिरा आजीच्या कानाशी कुजबुजली. आजी म्हणाली, “कोंबडी.”

“आणि हे?”

पुन्हा कुजबूज. “घर,” आजी म्हणाली. “आमच्यापेक्षा मोठं आहे, म्हणते.”

ओफेलिया हसली. यात तिला वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडे परक्या मोठ्या माणसासमोर पोरानं तोंड उघडायचं नसतं, त्याच्या वतीनं घरचं वडीलधारं बोलतं. त्याला चांगलं वळण म्हणतात. शहाण्या आईबापांची पोरं अशीच बसतात. आजीला बाहेर बसवावं आणि पोरीला एकटीला बोलतं करावं, हे ओफेलियाच्या शिक्षणात होतं. पण पोरीला घरच्यांपासून तोडून या खोलीत एकटीला बसवणं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. तिला तसं बसवलं होतं.

“बाई, एक सांगू का?” निघताना दोन्या तोमासा म्हणाली. “हिचं बोलणं मला कळतं. दुसऱ्या कुणाला...”

“हे त्या एस्कामियानं तुमच्या डोक्यात भरवलंय, दोन्या तोमासा,” ओफेलियानं तिला मध्येच तोडलं. “त्यांचं ऐकू नका. तुमची नात हुशार आहे. तिच्याशी भरपूर बोला, आपल्या भाषेत बोला. बाकी मी बघते.”

म्हातारी गप्प झाली. बाईंचा शब्द.

मग ओफेलियानं बाकीचं खरंच बघितलं. यादिराबद्दलच्या शाळेच्या बैठकीत तिनं टेबलावर हात आपटला. इंग्रजी चाचणीतल्या यादिराच्या चुकांपैकी ज्या स्पॅनिशमुळे होतात त्या तिनं तोंडपाठ म्हणून दाखवल्या आणि एस्कामियांना विचारलं, की यात रोग कोणता? ज्या स्पॅनिशमुळे होत नाहीत अशाही चुका तिथं होत्या, बऱ्याच होत्या, पण त्या बघायला तिला सवड नव्हती. ती भांडत होती. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. ओफेलियाच्या बाबतीत फुंकायचीच इतकी सवय झाली होती, की समोर दूध आहे का ताक तेही ती बघेनाशी झाली होती. यादिराला वर्गात परत पाठवलं. ओफेलियानं त्या संध्याकाळी गाडीत रेडिओ मोठ्यानं लावला आणि गात घरी गेली.

वर्ष गेलं. यादिरा वर्गात बोलत नसे. खेळाच्या सुट्टीत आपलीच पोरं, आपल्याच भाषेत, तिला बोबडकांदा म्हणून चिडवायची. ते कानावर आलं तेव्हा ओफेलिया आवारात जाऊन त्या पोरांना अशी काही बोलली, की एकानं घरी जाऊन ताप आल्याचं सांगितलं. पोरं का चिडवतात, हा प्रश्न तिला पडला नाही.

नाताळच्या आधी दोन्या तोमासाकडून आमंत्रण आलं. त्यांच्या घरी तमालेसचा बेत होता. आमच्याकडे तमालेस एकट्यानं कुणी करत नाही. आदल्या दिवशी डुकराचं डोकं शिजवायचं, दुसऱ्या दिवशी बहिणी, भावजया, शेजारणी सगळ्यांनी जमायचं. मक्याचं पीठ चरबीत मळायचं, कणसाच्या भिजवलेल्या सालांवर थापायचं, मांस भरायचं, बांधायचं आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. ओफेलिया पाहुणी होती, नातीला वाचवणारी बाई. तिला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली आणि दालचिनी घातलेली कॉफी दिली. तिनं बाह्या वर करून पीठ थापायला घेतलं.

“बाई, असं थापलंत तर तमाल नाही, गादी होईल,” एक शेजारीण म्हणाली.

“बाईंना नवरा नाही ना, कुणी टोकलं नाही कधी,” दुसरी म्हणाली.

“नवरा टोकतो होय? माझा तर खातो आणि झोपतो.”

सगळ्या हसल्या. ओफेलियाही हसली. दोन्या तोमासा पुढच्या अंगणात मेस्कीटची लाकडं पेटवून मोठं भांडं चढवत होती. लेतिसिया चुलीपाशी पाठमोरी होती.

तेवढ्यात मागच्या दारानं यादिरा आत आली. ती आईकडे गेली नाही, ओफेलियाकडे आली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तुता. मात तातो.”

“काय गं बाळा?”

“तुता. मात तातो.”

“पाणी हवं का तुला?”

पोरीनं नाही म्हणून मान जोरात हलवली. “तुता! ताली पाललं! मात तातो!”

बायका बघायला लागल्या. कुणी म्हणालं, तिला कॉफी हवी असेल. कुणी म्हणालं, लघवीला लागली असेल. लेतिसियानं मागे न बघताच सांगितलं, “यादिरा, मोठ्यांच्यात लुडबुडू नकोस, जा.” यादिरानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. तिनं पिठाची परात दोन्ही हातांनी उचलली आणि जमिनीवर आपटली.

एकच गलका झाला. वळण नाही, लाडावलेली पोर, सकाळपासूनची मेहनत मातीत. लेतिसियानं तिच्या पाठीत धपाटा घातला. आवाज ऐकून दोन्या तोमासा आत आली. यादिरा धावत जाऊन तिच्या झग्यात तोंड खुपसून काहीतरी बोलली, आणि म्हातारी तडक मागच्या पडवीत गेली.

तिथं शेजाऱ्यांचा पिवळा कुत्रा होता. निवायला ठेवलेलं मांसाचं भांडं त्यानं पाडलं होतं आणि तळाशी उरलेलं चाटत होता.

“कुत्रा मांस खातोय म्हणत होती ती,” आत येऊन दोन्या तोमासा म्हणाली. “खाली पाडलं म्हणत होती. केव्हाची सांगतेय. बहिऱ्या आहात का सगळ्या?”

ओफेलियाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या स्वयंपाकघरात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. स्पॅनिश बोलणारी पोर स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांना स्पॅनिशमध्ये साधी गोष्ट सांगत होती आणि कुणाला कळत नव्हती. जीभ मागे उचलून काढायचे आवाज ती सगळे पुढे दातांशी काढत होती, जोडाक्षरं गिळत होती, शब्दांची शेपटं तोडत होती. यात भाषांचा गोंधळ नव्हता. हिच्या बोलण्यालाच मदत हवी होती, एका वर्षापूर्वी हवी होती. आणि ती नाकारली होती ओफेलियानं, टेबलावर हात आपटून.

ती उठली आणि दोन्या तोमासाच्या मागोमाग अंगणात गेली. राग कुणावर तरी निघायलाच हवा होता.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “वर्षभर ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंत?”

म्हातारीनं विस्तवावरची लाकडं सारखी केली. “सांगत होते. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.”

“तिच्या वतीनं सगळं तुम्हीच बोलता. तिनं ‘क’ म्हटलं की तुम्ही कोंबडी आणून देता. कशाला शिकेल ती बोलायला?”

“मग काय करू? सगळ्यांनी हसावं तिला? मी आहे तोवर बोलते तिच्यासाठी. मी मेले की तुम्ही बघा. तुम्ही म्हणाला होतात ना, बाकी मी बघते.”

जिच्या आईचं तोंड बंद केलं होतं म्हणून ती जन्मभर भांडत आली, त्या ओफेलियानं एका म्हातारीचं तोंड बंद केलं होतं, तेही आपल्याच भाषेत, प्रेमानं आणि आदरानं. स्वतःचा इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता.

सुट्टी संपल्यावर ती एस्कामियांच्या ऑफिसात गेली.

“यादिराच्या बाबतीत मी चुकले. तिला मदत हवी आहे.”

एस्कामिया खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे मी बरोबर होतो.”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, साहेब. तुम्ही दरवर्षी सगळ्याच पोरांना नावं ठेवता. एखादं खरं निघायचंच.”

“चुकलीस तू, आणि शिव्या मला?”

ते खरं होतं.

“ठीक आहे, घे तिला खोलीत,” एस्कामिया म्हणाले. “इंग्रजीतून. शाळेची भाषा इंग्रजी आहे. दोन भाषांचं ओझं तिला झेपत नाही हे आता सिद्धच झालं. एक खाली ठेवू दे.”

“काहीही सिद्ध झालेलं नाही. तोंड एकच आहे तिला. पाया खचलाय आणि तुम्ही वरच्या मजल्याला रंग द्यायला सांगताय. जी भाषा ती घरी दिवसभर बोलते तिच्यातून सुरुवात करायची. तिथं आवाज बसला की इंग्रजीत नेता येतो.”

“मागच्या वर्षीही तू अशीच खात्रीनं बोलत होतीस,” एस्कामिया म्हणाले, आणि फोन उचलला.

फोन लेतिसियाला होता, कारखान्यात. ओफेलियाला हे दोन दिवसांनी कळलं, यादिराच्या घराच्या दारात उभी राहिल्यावर. दार दोन्या तोमासानं उघडलं. एरवी दारापासूनच ख्यालीखुशाली सुरू करणारी ती म्हातारी नुसती उभी राहिली. मग तिनं ओठ जुळवले आणि इंग्रजीत म्हणाली, “हॅलो, टीचर.”

आणि थांबली. पुढचं येतच नव्हतं.

आत यादिरा जमिनीवर बसून चमचे मांडत होती. टीव्ही इंग्रजीत चालू होता. म्हातारीनं खुर्चीकडे बोट दाखवलं, कॉफीच्या भांड्याकडे बोट दाखवलं, भुवया वर केल्या. ओफेलियानं असं घर पाहिलेलं होतं. त्याच घरात ती वाढली होती.

“कोणी सांगितलं?” तिनं विचारलं.

दोन्या तोमासानं दाराकडे पाहिलं, मग अगदी हळू स्पॅनिशमध्ये म्हणाली, “मुख्याध्यापकांनी. माझ्या बोलण्यानंच पोरीचं नुकसान झालं म्हणे. बाईंनीच कबूल केलं, असं म्हणाले.”

ओफेलिया खुर्चीत बसली. तिची आई कोंबड्यांशी बोलायची. या म्हातारीकडे कोंबड्यासुद्धा नव्हत्या.

“दोन्या तोमासा, माझ्याकडे बघा,” ती म्हणाली. “तुमच्या बोलण्यानं कुणाचंही नुकसान झालेलं नाही. झालं ते माझ्यामुळे झालं. तो टीव्ही बंद करा आणि शाल घ्या. यादिरा, ऊठ बाळा, आपल्याला जायचंय.”

“तुठे?” यादिरानं विचारलं.

“कुठे म्हणते,” आजी सवयीनं म्हणाली.

“कळलं मला,” ओफेलिया म्हणाली.

ती दोघींना शाळेत मागच्या दारानं नेऊ शकली असती. तिनं पुढचं दार धरलं. ऑफिससमोरून जाताना ती मुद्दाम मोठ्यानं, खोऱ्यातल्या ठसकेबाज स्पॅनिशमध्ये दोन्या तोमासाला या वर्षीच्या संत्र्यांबद्दल विचारत होती. एस्कामिया दारात आले.

“हे काय चाललंय? म्हातारीचं इथं काय काम?”

“काम तिचंच आहे. रोज येईल.”

“मी शिक्षण मंडळाला कळवीन.”

“कळवा. मीही येते. मी काय केलं ते त्यांना सांगते, आणि तुम्ही परवा कुणाला फोन केलात तेही सांगते. दोन्ही भाषांत सांगते, म्हणजे पालकांनाही कळेल.”

एस्कामिया उभे राहिले, मग आत गेले. त्यांना ते पटलं असं नाही. अशा माणसांना पटत नाही, फक्त आज नको असं वाटतं. तेवढंही पुरतं.

खोलीत आल्यावर ओफेलियाला एक गोष्ट करायची होती आणि ती तिच्या जिवावर आली होती. जिभेचा मागचा भाग वर उचलायचा म्हणजे तो आधी पोरीला दिसायला हवा. तिनं कोपऱ्यातला आरसा फिरवला, बाहीनं पुसला आणि जमिनीवरच, भिंतीला टेकवून ठेवला. मग यादिराला एकटीला त्याच्यापुढे न बसवता स्वतः तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि आऽ केला. आरशात दोन तोंडं उघडी दिसली. थोड्या वेळानं तिसरंही दिसलं, कारण दोन्या तोमासाला राहवलं नाही. तिला दात फारसे नव्हते. यादिरा हसली.

मग रोजचं काम सुरू झालं, आणि ते काम कंटाळवाणं असतं, त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नसतं. यादिराला पाठीवर झोपवून घसाभर पाण्याच्या गुळण्या करायला लावायच्या, म्हणजे आवाज मागे कुठे निघतो ते कळतं. चमच्यानं जिभेचं टोक दाबून धरायचं. क. क. पुन्हा म्हण. यादिरा रडायची, चमचा फेकायची, एकदा ओफेलियाच्या बोटाला चावली. ओफेलियाला तिच्या रागाचं वाईट वाटत नसे. पण सगळ्यात अवघड विद्यार्थिनी होती दोन्या तोमासा. तिला नियम घालून दिला होता, की खोलीत घरासारखं भरपूर बोलायचं, पण यादिराला विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. म्हातारी हो म्हणायची आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर देऊन मोकळी व्हायची. ओफेलिया नुसती बघायची. या म्हातारीला गप्प बसा म्हणायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.

संत्र्याची झाडं फुलली होती आणि खोलीच्या खिडकीतून तो वास आत येत होता, त्या दिवसांतली गोष्ट. ओफेलियानं विचारलं, “यादिरा, नाताळच्या आधी तो पिवळा कुत्रा आला होता. त्यानं काय केलं होतं गं?”

“मांस,” दोन्या तोमासा म्हणाली, “सगळं भांडं पाडून त्यानं...”

“गप्प!” यादिरा म्हणाली. “आजी, गप्प बस. मी सांगते.”

आमच्या खोऱ्यात आजीला गप्प बस म्हणणाऱ्या पोराच्या थोबाडीत बसते. विचारपूस मागाहून होते. दोन्या तोमासाचा हात वर गेलाही होता. तो तिथंच थांबला. ‘ग’ स्वच्छ होता. मागून, घशाजवळून, जिथून निघायला हवा तिथून निघाला होता, आणि चमचा तर टेबलावर पडला होता.

“तुत्रा आला,” यादिरा सांगू लागली, “आणि त्यानं भांडं थाली पाडलं, आणि मी सांगितलं, आणि तुणी ऐकलं नाही. बाईंनी पण नाही.”

“हो,” ओफेलिया म्हणाली. “बाईंनी पण नाही.”

तास संपला. म्हातारीनं शाल ओढली, नातीच्या दंडाला धरलं. अपमान तिच्या नाकपुड्यांत दिसत होता. उभ्या आयुष्यात पोटच्या पोरांनी तिला असं ऐकवलं नव्हतं, आणि तेही बाईंच्या देखत. दाराशी पोचल्यावर तिला राहवलं नाही.

“घरी चल, मग दाखवते तुला.”

यादिरानं मान वर करून आजीकडे पाहिलं. “काय?” तिनं विचारलं.

ओफेलियानं तो ‘क’ ऐकला. पुन्हा म्हण, असं मात्र या वेळी तिनं सांगितलं नाही.